ठमीचा दाणा आणि जडशीळ पिकअप

एक होती मुंगी. नाव तिचं ठमी. ठमीला सापडला ज्वारीचा दाणा. घरी बाळं भुकेली. ठमी निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत होता गाड्यांचा वजनकाटा. मोठ्ठा लोखंडी पाटच तो! ठमी दमली. दाणा ठेवला फटीत. जरा बसली.

घर्रर्र, घर्रर्र! आली पिकअप. पोटात कांदे, कांद्यांवर शेळी. चाक थांबलं बरोब्बर फटीवर. दाणा गेला चाकाखाली!

"पिकअपताई, हल ना गं!"

"मी बाई जडशीळ. काका हाकतील, तर हलेन."

ठमी गेली पिकअपवाल्या भानुदासकाकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका,
पिकअप हलेना,
दाणा माझा मिळेना!"

काका म्हणाले, "वजन कळल्याशिवाय गाडी हलवायची नसते, ठमाबाई. मावशी वजन सांगतील, तर हाकेन."

ठमी गेली काट्याच्या खिडकीत. तिथे शेवंतामावशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी,
काका हाकेना,
पिकअप हलेना,
दाणा माझा मिळेना!"

मावशी म्हणाल्या, "आकडा थांबतोय कुठे? तीन टन दहा! तीन टन चाळीस! वर शेळी नाचतेय ना! अहो भानुदास, कांदे मोजू की शेळी?"

काका म्हणाले, "ओढली तर ढुशी मारते हो!"

"मग बसा! शेळी उतरेल, तर वजन सांगेन."

ठमी चढली कांद्यांवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीबाई, शेळीबाई,
मावशी सांगेना,
काका हाकेना,
पिकअप हलेना,
दाणा माझा मिळेना!"

"बेंऽऽ! इथे मस्त गार वाटतं. शेवगा पाला टाकेल, तर उतरेन."

ठमी गेली शेवग्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवगेदादा, शेवगेदादा,
शेळी उतरेना,
मावशी सांगेना,
काका हाकेना,
पिकअप हलेना,
दाणा माझा मिळेना!"

"मला कोण हलवणार? वारा उठेल, तर पाला टाकेन."

वारा लोळत होता चाकाच्या सावलीत. ठमी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारेमामा, वारेमामा,
शेवगा टाकेना,
शेळी उतरेना,
मावशी सांगेना,
काका हाकेना,
पिकअप हलेना,
दाणा माझा मिळेना!"

"झोपू दे गं. हसू आलं, तर उठेन."

"हसू? मला तर रडू येतंय! राहू दे. मीच उचलते पिकअप."

ठमीनं चाकाला खांदा लावला. हं! हं! हुंऽऽश!

चाक हललं का? छे! ठमीच उताणी पडली. सहाही पाय वर!

वारा हसला. खो खो खो! हसता हसता उठला. फूऽऽ!

वारा उठला,
शेवग्यानं पाला टाकला,
शेळी उतरली टुणकन,
मावशी म्हणाल्या, "तीन टन!"
काकांनी गाडी हाकली,
पिकअप हलली घर्रर्र,
दाणा मिळाला ठमीला!

ठमीनं दाणा उचलला. पिकअप बघतच राहिली.

"अगंबाई! दाणा तर तुझ्याहून जड!"

"हो. आणि तुझे कांदे?"

पिकअप लाजली. हळूच म्हणाली, "माझ्याहून हलके."

"मग हो बाजूला! जड ओझं चाललंय."

पीं पीं! पिकअप सरकली बाजूला.

ठमी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. दाणा पोचला घरी, बाळं जेवली पोटभर.