तिसरा गियर

"नवा टाकू की जुनाच खोलू, उस्ताद? आत्ताच्या आत्ता सांगा! तिकडे मिस्त्री पाने घेऊन बसलाय."

तुळशीराम ट्रकमधून उतरला तोच बोलत. घाटाच्या पायथ्याशी हुसेनउस्तादाचं पंक्चरचं दुकान होतं. याच उस्तादाने त्याला गाडी शिकवली आणि डोळे अधू झाल्यावर आपला ट्रकही त्यालाच दिला. आता त्याच ट्रकचा गियरबॉक्स कुरकुरत होता.

"झालं काय?"

"तिसरा गियर निसटतो! काल घाटातल्या पाण्याच्या टाकीच्या उतारावर निसटला, गाडी सुटली मोकाट... कठड्याला लागता लागता राहिली. उद्या डाळिंबं भरून हाच घाट उतरायचाय मला. जीव जायचा, उस्ताद!"

"मग तू काय करतोस?"

"करणार काय? हात दाबून धरतो गियरच्या दांड्यावर. दिवसभर धरतो, मेला तरी निसटतो!"

उस्ताद खांद्यावरच्या फडक्याने हात पुसत राहिला...

तुळशीरामचं डोकं तापलं. म्हातारा पहिल्यापासून तिरसटच. शिकवतानासुद्धा येता-जाता डाव्या हातावर हेच फडकं मारायचा आणि का मारलं ते कधी सांगायचा नाही.

"चल." उस्ताद उठला आणि थेट क्लीनरच्या जागेवर जाऊन बसला. "गाडी रिकामीच आहे. टाकीपर्यंत चढव नि परत उतरव. डावा हात इकडे दे."

"हात? कशाला?"

"दे."

आणि जत्रेत पोराचा धरतात तसा त्याने तुळशीरामचा हात घट्ट धरला! एवढ्या मिशा असलेला माणूस, लाजून मेला बिचारा.

"एका हाताने चालवू?"

"रोज काय दोन्हींनी चालवतोस?"

गियर बदलायचा असला की उस्ताद हात सोडायचा. गियर पडला की पुन्हा पकडायचा. असं करत गाडी टाकीपाशी पोचली, वळली, उताराला लागली. तिसरा पडला. हात पुन्हा उस्तादाकडे.

समोर कालचाच खड्डा आला. तुळशीरामने हात ओढून पाहिला.

"निसटेल, उस्ताद! सोडा हात!"

उस्तादाने बोटं आणखी आवळली.

"सोडा म्हणतो ना!"

उस्तादाची पकड काही ढिली होईना. धाडदिशी चाक खड्ड्यात गेलं. सगळा ट्रक हादरला. दांडा थरथरला... आणि जागच्या जागी राहिला.

"राहिला! उस्ताद, राहिला! कुणी धरला नाही तरी राहिला!"

तुळशीराम उतारभर ओरडत होता. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला त्याने उगाच हॉर्न दिला. इतका आनंद त्याला पहिल्यांदा स्टिअरिंग हातात आलं तेव्हाही झाला नव्हता. दुकानापाशी ब्रेक दाबला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"आता तरी सांगा, उस्ताद. नवा टाकू की जुनाच खोलू?"

उस्तादाने त्याचा हात सोडला.

सुटलेला हात सरळ दांड्यावर जाऊन बसला. तुळशीरामच्या ते ध्यानातही आलं नाही.

सपकन फडकं बसलं.

"नवाच टाकायचा असेल," त्या लाल झालेल्या हातावर बोट ठेवून उस्ताद म्हणाला, "तर हा कुठं मिळतो का बघ."