अनुमोदनाची काडी

पक्ष्यांनाही सभा भरवायची हौस होती, तेव्हाची गोष्ट. पिंपळावरच्या होलीला, म्हणजे होल्याच्या मादीला, कित्येक वर्षं घर नव्हतं आणि आता अंडी घालायची वेळ आली होती.

अध्यक्ष कावळेआजोबा म्हणाले, "आधी हिला घर टिकवायची सवय लागू दे, मग घर."

"आजोबा, हवेत टिकवून दाखवू का?" होली म्हणाली.

शेवटी सहानुभूतीचा ठराव आला. अनुमोदन द्यायला घरट्याघरट्यांतून वडीलधाऱ्यांनी पंख वर केले. तेवढ्यात चिमणीच्या पोरीने खूण केली आणि प्रत्येक घरातल्या पिल्लाने आपल्या आईबापाच्या बुडाखालची एकेक काडी ओढली. एकही घरटं पडलं नाही.

आभारप्रदर्शन संपलं, तेव्हा होली स्वतःच्या घरट्यात अंड्यांवर बसली होती.

"बघा," कावळेआजोबा म्हणाले, "म्हणून सभा घ्यायच्या असतात."