गव्हाचा दाणा आणि वाळवी

दाणे एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. गिरजाबाई नावाच्या शेतकरणीचा गहू वाळवीने मागच्या साली मुळापासून खाल्ला होता. म्हणून यंदा पेरणीआधी तिने हातमोजे घातले आणि बियाण्याला कीडनाशक चोळायला घेतलं.

शेजारच्या पोत्यातला एक म्हातारा दाणा बियाण्यातल्या टपोऱ्या दाण्याला म्हणाला, “पोरा, अजून वेळ आहे, इकडे सरक. ते विष अंगाला लागलं की तुझी पोळी व्हायची नाही. उगवला नाहीस, तर तू कुणाच्याच कामाचा नाहीस.”

दाणा घाबरला. मग हळूच म्हणाला, “आजोबा, मला उगवायचंच आहे.” आणि तो जागचा हलला नाही.

मातीत पडताच वाळवी आली. तिने त्याला हुंगलं आणि ती मागे सरली.

“कडू आहेस. पण हे औषध किती दिवस पुरेल? मी थांबते.”

“थांब,” दाणा म्हणाला. “मला तोवर काम आहे.”

त्याने मूळ खाली सोडलं. प्रत्येक पाण्याबरोबर औषध उतरत गेलं आणि मुळं खोल जात राहिली. अखेर वाळवी परत आली. तिने एक मूळ कुरतडून तोडलं. रोप थरथरलं, पण उभंच राहिलं. तिने दुसरं तोडलं, तरी ते उभंच.

“किती मुळं आहेत तुला?” वाळवीने दमून विचारलं.

“मोजली नाहीत,” रोप म्हणालं. “अजून सोडतोच आहे.”