दोरीवरची जागा

कपडे बोलत, त्या काळातली ही गोष्ट. एका घरात पाळीचं फडकं धुतलं की मोरीतल्या खुंटीवर, परकराखाली लपवून वाळत घालत. तिथे ऊन कधी यायचं नाही. फडकं ओलसर राहायचं, कुबट वास मारायचं आणि ते वापरून घरच्या सगुणेला खाज सुटायची.

एका सकाळी फडकं तिला म्हणालं, "बाई, मला अंगणातल्या दोरीवर घाल. नाहीतर तू आजारी पडशील."

सगुणेने इकडेतिकडे पाहिलं आणि घातलं.

दोरीवरचा रुमाल दचकला. "अरे, तू इथे? लोक येतात-जातात. काही लाज?"

"तू दिवसभर शेंबूड पुसतोस. तुला वाटते का?"

"मी पुरुषाच्या खिशात असतो."

"मग तो मान खिशाचा झाला. तूही धुतलेला, मीही धुतलेलं. आता जरा सरक, तुझी सावली पडतेय माझ्यावर."

पलीकडचं धोतर हसू लागलं. रुमाल कुरकुरत सरकला.

दुपारी फडकं कडकडीत वाळलं होतं. सगुणेने ते गालाला लावून पाहिलं. छान उबदार लागलं. तिच्या जाऊबाई हे ओसरीवरून बघत होत्या. त्या मोरीत गेल्या आणि आपलं फडकं घेऊन अंगणात आल्या.