भट्टीचा धूर

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात सारजा कुंभारीण आणि तुळाजी रंगारी शेजारी शेजारी राहत. नवरा वारल्यापासून सारजा भट्टी एकटीच लावायची. तिचा धूर तुळाजीने वाळत घातलेल्या लुगड्यांवर जायचा. ताज्या रंगावर काजळी बसायची. शेवटी वैतागून त्याने थेट न्यायालयात अर्ज दिला: भट्टी पाडा.

सारजाच्या तोंडचं पाणी पळालं. भट्टी गेली तर खायचं काय? तीही इरेला पेटली आणि साक्षीदार गोळा करू लागली.

सुनावणीआधी म्हाताऱ्या न्यायाधीशांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. तिथे ना साक्षीदार होते, ना बघे.

"खटला उभा राहिला की एकाच्याच बाजूने निकाल लागणार," ते म्हणाले. "एकतर भट्टी जाईल, नाहीतर लुगडी काळी होत राहतील. त्याआधी मोकळेपणाने बोला. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. नाहीच जमलं, तर खटला दुसरे न्यायाधीश ऐकतील."

तुळाजी उसळला. "हिचा नवरा भट्टी संध्याकाळी लावायचा, आमचे वाळलेले कपडे काढून झाल्यावर. ही मुद्दाम सकाळी लावते!"

'काजळी माझ्या भट्टीची नाहीच,' हे सारजाच्या अगदी ओठांवर आलं. साक्षीदारांनाही तिने तेच पढवलं होतं. पण इथे कुणाला जिंकून दाखवायचं होतं? तिने मान खाली घातली.

"काजळी माझ्याच भट्टीची आहे," ती म्हणाली. "पण मुद्दाम नाही हो, भावजी. हे गेल्यावर एकदा संध्याकाळी लावली होती. ठिणगी उडून छपराने पेट घेतला. मी एकटी, कशीबशी आग विझवली. तेव्हापासून अंधारात भट्टीपाशी बसायचा धीर होत नाही."

तुळाजी तिच्याकडे वळला.

"वहिनी, मला हे ठाऊकच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मी विचारायलाही आलो नाही."

न्यायाधीशांनी कोरा कागद पुढे ओढला.

"तुम्ही संध्याकाळीच लावा," तुळाजी म्हणाला. "आमच्या घरचं कुणी ना कुणी सोबतीला बसेल."

"आणि डागाळलेली लुगडी मी धुऊन देते," सारजा म्हणाली.

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, दोघांनी अंगठे उठवले. खटला उभाच राहिला नाही.

पुढच्या भट्टीला तुळाजीची बायको भाकरी बांधून घेऊन आली. दोघी गप्पा मारत बसल्या आणि किती दिवसांनी सारजाने न घाबरता जाळाकडे पाहिलं.

तात्पर्य इतकंच: निकाल लागला की एकजण हरतोच, त्याआधी समोरासमोर बसून खरं बोललं, तर दोघांचंही राखता येतं.