खोडलेला शेरा

एकदा एका वृद्ध भाषापंडितांकडे त्यांचा शिष्य एक वाक्य घेऊन आला. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या सूचना मराठीत आणण्याचे काम त्याच्याकडे होते. यंत्राचे घड्याळ अचूक वेळेशी जुळवता आले नाही, की हे वाक्य दिसणार होते: ‘कालसमक्रमण असफल. संदर्भस्रोत अनुपलब्ध.’ चार शब्दांत सारे बसवल्याचा शिष्याला अभिमान होता. आपणा शिकलेल्या माणसांना समास दिसला की पोट भरते. गुरुजींनी कौतुकाने मान डोलावली आणि लाल शाईने शेरा मारला, ‘उत्तम’.

वर्षभराने एका गावच्या वाचनालयातून ग्रंथपाल इंदूताईंचे पत्र आले. त्या वाचनालयात शिरताना मोबाइल दाराशी लाकडी खोक्यात ठेवण्याची रीत आहे. संगणक आल्यावर भिंतीवरून उतरवलेले घड्याळही कुणी परत लावले नव्हते. तिथे मंदा नावाची बाई परिचारिकेच्या शिक्षणाचा अर्ज भरायला आली. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. अर्ज भरून झाला, तोच पडद्यावर ते वाक्य आले. तिने आणि इंदूताईंनी ते दोनदा वाचले. काही उमजेना, म्हणून ‘ठीक आहे’ दाबले. पडद्यावर चार वाजून दहा मिनिटे झाली होती. पुष्कळ वेळ आहे म्हणून त्यांनी एकेक रकाना पुन्हा निवांत तपासला. पडद्यावर साडेचार झाले तेव्हा अर्ज पाठवला; बाहेर खरे तर पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. अर्ज घेतला गेला नाही.

पत्र वाचून गुरुजींनी जुना कागद शोधून काढला. आता आपले वाक्य खोडले जाणार, असे शिष्याला वाटले. गुरुजींनी वाक्याला हातही लावला नाही. त्यांनी स्वतःचा शेरा खोडला.

“गुरुजी, चूक माझी आहे,” शिष्य म्हणाला.

“तू शिकत होतास, बाळा. तपासायला मी बसलो होतो. वाक्य पंडितांना शोभेल का, एवढेच मी पाहिले. ते वाचून इंदूताई काय करतील, हे विचारायचे मला सुचले नाही. यंत्राने वेळेवर सावध केले होते रे. तेव्हा दहा मिनिटे उरली होती. आपण दोघांनी ती घालवली.”

शिष्याने तिथेच नवे वाक्य लिहिले: ‘या संगणकाचे घड्याळ चुकीचे असू शकते. दुसऱ्या घड्याळात वेळ पाहा.’ गुरुजींनी त्यावर शेरा मारला नाही. “मला नको दाखवूस,” ते म्हणाले. “त्यांना दाखव.”

शिष्य त्या गावी गेला. इंदूताईंनी वाक्य एकदाच वाचले आणि दाराजवळच्या खोक्याकडे पाहिले.

“एवढंच होतं होय?” त्या म्हणाल्या. “मग खोक्यातला फोन काढून बघितला असता की आम्ही.”

पलीकडच्या टेबलावर मंदा जुन्या पुस्तकांना कव्हरे घालत बसली होती. तिने मान वर केली नाही.