ओ देण्याचा कातळ

निसणीची, म्हणजे शिडी लावलेली, वाट चढून पठारावर आले की सांगडेवाडीच्या अलीकडे एक बसका काळा कातळ लागतो. वाडी तिथून हाकेच्या अंतरावर, जरा उतारावर आहे. तरी बाहेरून परतलेला वाडीचा माणूस या कातळापाशी थांबतो. घरातून हाळी आली की तो ओ देतो आणि मगच पुढे जातो. पाहुण्यांना हा नियम नाही.

आम्हाला खालून वाट दाखवत आणणारे बाळू ढेबे सत्तरीचे आहेत. कातळावर टेकून त्यांनी त्यामागची हकिकत सांगितली. "ऐकली तशी सांगतो," एवढेच आधी म्हणाले.

फार पूर्वी या डोंगरात लुटारूंच्या टोळ्या फिरत. टोळी एकदम येत नसे. आधी एकटा माणूस येई, कुणाचा तरी भाचा म्हणवून चार दिवस राही आणि माणसे किती, जनावरे किती, ते बघून जाई. पलीकडची एक वाडी अशाच एका भाच्याने धुऊन नेली होती, म्हणे. तेव्हापासून सांगडेवाडीचे लोक परक्याला पाणी देत, पण त्याच्याकडे पाठ करत नसत.

अशा दिवसांत एक दाढीवाला कातळापाशी आला. म्हणाला, मी बिरू, ठकूबाईचा मुलगा. ठकूबाईचा बिरू दहा वर्षांचा असताना मिठाच्या बैलांमागे कोकणात गेला होता. तिकडे साथ आली, तो परतला नाही, आणि तिने त्याचे दिवसही घातले होते. त्याला वीस वर्षे झाली होती.

वाडीचा कारभारी धाकू आखाडे याने त्याला खोदून खोदून विचारले. त्याने बापाचे नाव सांगितले, देवाचे ठिकाण सांगितले, आईच्या कपाळावरचा व्रणही सांगितला. धाकू म्हणाला, "हे बाजारात विचारलं तरी कळतं. तुझ्या घरची हाळी घाल."

वाडीत प्रत्येक घराची हाळी वेगळी असते. तिला शब्द नसतात, नुसता सूर असतो. रानात गुरांमागे गेलेल्याला तो सूर ऐकून आपले घर कळते. परक्याला तो कुणी शिकवत नाही. त्या माणसाने तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. त्याला काही आठवेना.

मग ठरले, की त्याला कातळापाशीच तीन दिवस द्यायचे. तेवढ्यात हाळी आठवली तर आत घ्यायचे, नाहीतर गोफणी घेऊन खाली घालवायचे. आणि त्याने ऐकून शिकू नये म्हणून तीन दिवस वाडीत कुणी हाळी घालायची नाही. बायका पदर हलवून पोरांना बोलावू लागल्या. गुरे भरकटली, एक कालवड वाघाने नेली. एक म्हातारी म्हणाली म्हणे, "चोर वर बसलाय आणि तोंडं आपली बांधलीत."

ठकूबाई दारात बसून वर बघत राही. तुझाच आहे का, असे शेजारणींनी विचारले, तर म्हणाली, "गेला तेव्हा माझ्या कमरेला लागत होता. एवढ्या बाप्याला कशावरून ओळखू?" संशय तिलाही होताच.

तिसऱ्या दिवशी ऊन कलले तसा तो माणूस उठला आणि आपले बोचके बांधू लागला. तेव्हा ठकूबाई अंगणाच्या कडेला आली. धाकू आडवा आला. तू चुकलीस तर उद्या वाडी राहणार नाही, असे त्याने बजावले.

"चुकलो ते आपण," ती म्हणाली. "त्यानं हाळी कधी घातलीच नव्हती. हाळी मी घालायची. तो नुसता ओ द्यायचा."

आणि तिने हाळी घातली.

वरून ओ आली. लांब, पण मध्येच तुटलेली. श्वास घेऊन पुन्हा पुरी केलेली. दहा वर्षांच्या पोराचा दम तिथेच संपत असे. समोरचा बाप्या एका दमात ती सहज पुरी करू शकला असता. पण तो त्याच जागी थांबला.

ठकूबाई पुढे झाली. धाकूचा संशय मात्र मरेपर्यंत गेला नाही, असे सांगतात. वर्षभर तो बिरूच्या घराकडे तोंड करूनच जेवायला बसे. टोळी काही आली नाही. पण ठकूबाईने देवासमोर सगळ्यांकडून वदवून घेतले, की परतलेल्याची परीक्षा पाहायची नाही. आधी घराने बोलवायचे.

आजही मे महिन्यात पुण्याच्या कारखान्यांतून माणसे पोराबाळांसह येतात आणि या कातळापाशी थांबतात. काही घरांना आता कुलूप आहे. त्या घरांची हाळी शेजारी घालतात.

"आमची हाळी बायको घालायची," बाळू ढेबे म्हणाले. "गेल्या वर्षापासून शेजारची सून घालते. अजून जरा चुकते."

तेवढ्यात वाडीतून हाळी आली. ते उठले, टोपी सारखी केली आणि ओ दिली.